गियर बॉक्स गेलेला नाही, क्लच धरून बसलाय

बार्शी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, थोडं आटोपशीर करून देतो.

“सासऱ्यांचा मॅसी १०३५ आहे, १९८७ साली घेतलेला. सहा गियर पुढचे, दोन मागचे. चार वर्षांपूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून ट्रॅक्टर पत्र्याच्या शेडात उभा आहे. यांची नोकरी चाकणला, त्यामुळे साडेपाच एकर मीच बघते. भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघण्यात गेल्या वर्षी पेरणी आठ दिवस लांबली, म्हणून यंदा आपलाच चालू करायचा ठरवलं. नवीन बॅटरी टाकली, डिझेल बदललं, इंजिन चौथ्या खेपेला लागलं. पण क्लच दाबून गियर टाकायला गेलं की खर्रर आवाज होतो आणि लिव्हर हाताला झटके देतो. कुठलाच गियर पडत नाही. इंजिन बंद केलं की मात्र सगळे पडतात. क्लचचं पेडल अर्ध्यावर एकदा अडतं आणि मग आणखी जड होतं, तेही बिघडलंय का? हाय-लोचा, म्हणजे जास्त-कमी वेगाची पट्टी निवडायचा, लिव्हर घट्ट झालाय. ऑईलची काडी काढून बघितली तर ऑईल दुधाच्या चहासारखं आहे. तालुक्याच्या मिस्त्रींनी दहा मिनिटं बघितलं आणि ‘गियर बॉक्स गेला, पूर्ण खोलावा लागेल’ म्हणाले. भाऊजी म्हणतात भंगारात घाला. सासरे बोलू शकत नाहीत, पण भंगारवाला दारात आला तेव्हा त्यांनी काठी आपटली. पूर्वी दुसरा गियर सुटायचा म्हणून ते लिव्हरला सायकलच्या ट्यूबचं रबर बांधायचे, हेही सांगून ठेवते. काय करू?”

ताई, भंगारवाल्याला सध्या चहा पाजून परत पाठवा. तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी तीनदा वाचलं: इंजिन बंद केलं की सगळे गियर पडतात. मिस्त्रींनी हे वाक्य ऐकलं असतं, तर त्यांची दहा मिनिटं सत्कारणी लागली असती.

तुमच्या ट्रॅक्टरचा गियर बॉक्स जुन्या पद्धतीचा आहे. त्यात गियर शाफ्टवर सरकतात आणि एकाचे दात दुसऱ्याच्या दातांत जाऊन बसतात. दोन्ही थांबलेले असले की ते गुपचूप बसतात. एक थांबलेला आणि एक फिरता असेल, तर दातावर दात आपटतात आणि खर्रर होतं. इंजिन चालू असताना आतला शाफ्ट थांबवणं हे क्लचचं काम. बंद इंजिनावर सहाच्या सहा गियर आणि रिव्हर्स पडतात, याचा अर्थ लिव्हर, गियर सरकवणारे शिफ्टरचे फोर्क, सरकणारे गियर हे सगळं जागच्या जागी हलतंय. चालू इंजिनावर एकही पडत नाही, याचा अर्थ पेडल दाबूनही शाफ्ट फिरतच राहतोय. दोष गियर बॉक्सच्या पुढे आहे, क्लचमध्ये.

चार वर्षं बंद, पत्र्याचं शेड, ओल. क्लच प्लेटचं अस्तर फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागच्या जड चाकाला) किंवा प्रेशर प्लेटला गंजाने चिकटून बसतं. स्प्रिंगचा दाब चोवीस तास असतोच. मी सत्तावीस वर्षं गॅरेज चालवलं. दर मृगाच्या आधी असे चिकटलेले क्लच घेऊन माणसं यायची, आणि त्यातली निम्मी आधीच कोणाकडून तरी “गियर बॉक्स गेला” असं ऐकून घाबरलेली असायची.

पेडलचं सांगतो, तो बिघाड नाही. तुमचा क्लच डबल आहे. अर्ध्यापर्यंत दाबलं की चाकांकडची प्लेट सुटते, तिथून पुढे पूर्ण दाबलं की पीटीओची, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची. मधे जे अडल्यासारखं वाटतं, तो दुसऱ्या प्लेटचा भार. सासऱ्यांच्या पायाला ही जागा डोळे मिटून ठाऊक असणार. त्यांना विचारा, मान तरी हलवतील.

आता अंदाजावर न राहता खात्री करून घेऊ. याला जॅक, लाकडाचे ओंडके आणि एक जोडीदार एवढंच लागतं. सपाट जागा, इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगडाच्या उट्या लावा, मागच्या एका चाकालाही लावा. दुसरं मागचं चाक ॲक्सलच्या हाउसिंगखाली जॅक लावून जमिनीपासून चार बोटं उचला आणि लगेच हाउसिंगखाली ओंडका किंवा लोखंडी घोडी सरकवा. नुसत्या जॅकवर दीड टनाच्या वरचा ट्रॅक्टर ठेवून कोणी हात घालू नये, मी स्वतः एकदा घातला होता आणि डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून नीट मिटत नाही.

न्यूट्रलमध्ये ते उचललेलं चाक हाताने फिरवून बघा. फिरलं तर ठीक. न्यूट्रलमध्येही गच्च असेल, तर त्या बाजूचे ब्रेक शू ड्रमला चिकटलेत. तेही इतक्या वर्षांत होतं, आणि ते आधी सोडवावं लागेल. चाक मोकळं असेल, तर हाय रेंजमध्ये तिसरा गियर टाका. पेडल वर असताना चाक फिरवायला गेलात तर ते अडेल, कारण आता तुम्ही इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब, फिरवायला बघताय. जोडीदाराला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि पुन्हा फिरवा. क्लच सुटत असेल तर चाक जडपणे का होईना, फिरेल. पेडल दाबूनही तेवढंच गच्च राहिलं, तर प्लेट चिकटलीय, वाद संपला. आणि उलट पेडल वर असतानाच चाक गरगर फिरलं, तर मात्र मधे कुठेतरी काहीतरी तुटलंय आणि माझा अंदाज चुकला असं समजा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही.

अजून एक चाचणी आहे, पण तिच्याआधी एक बोलतो. पीटीओ फिरत असताना साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस, हातातला गमछा, काहीही त्या शाफ्टच्या आसपास नको. पदर खोचून नाही, साडी बदलून जा. घरातल्या कोणाचा पायजमा आणि शर्ट घाला. शाफ्टला कापड लागलं की माणूस ओढला जातो, ओरडायला वेळ मिळत नाही. तर, मागे काही जोडलेलं नसताना इंजिन चालू करा, सीटवर बसून पेडल पूर्ण तळाला दाबा, तीन-चार श्वास थांबा आणि पीटीओचा लिव्हर टाका. तो आवाज न करता गेला आणि गियर मात्र किरकिरत राहिले, तर फक्त चाकांकडची प्लेट चिकटलीय. दोघेही किरकिरले, तर आधी पेडलपासून क्लचपर्यंतचे दांडे बघा. पिना झिजून पेडलची निम्मी चाल वायाच जात असेल, तर आत सगळं ठीक असूनही क्लच सुटणार नाही. दहा-वीस रुपयांच्या पिनेपायी ट्रॅक्टर खोललेला मी पाहिलाय.

ऑईलचं आता. दुधाच्या चहासारखं म्हणजे पाणी. शेडाचा पत्रा कुठे गळतोय ते बघा, बहुतेक गियर लिव्हरच्या वरच गळत असेल. लिव्हरच्या बुडाचं रबर फाटलेलं असतं आणि वळवाचं पाणी थेंब थेंब आत जातं. या ट्रॅक्टरमध्ये गियर बॉक्स, मागचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारे गियर) आणि अवजार उचलणारी लिफ्ट या तिघांचं ऑईल एकच आहे, एकूण तीस लिटरच्या आसपास. म्हणजे पाणी लिव्हरपाशी शिरलं तरी ते लिफ्टच्या पंपाच्याही पोटात जातं. इतकं ऑईल बदलायचं म्हटलं की खिशाला चटका बसतो, म्हणून दोनदा पैसे घालायची वेळ येऊ नये असं करू.

पाणी जड, ते तळाला बसतं. ट्रॅक्टर आठ-दहा दिवस हलला नसेल अशी सकाळ धरा. खालचे ड्रेन प्लग एकेक करून हळूच सैल करा, काढू नका. एकाहून जास्त आहेत, गियर बॉक्सखाली एक आणि मागे लिफ्टच्या हाउसिंगखाली एक. पहिल्यांदा नुसतं पाणी येईल, मग पाणी-ऑईल, मग ऑईल. ऑईल आलं की प्लग घट्ट करा. उरलेलं मळकट ऑईल सध्या आत राहू द्या, त्याच्यावर क्लच सोडवायचं आणि थोडं फिरवायचं काम उरकून घेऊ. मग ट्रॅक्टर गरम असतानाच ते पूर्ण काढा. गरम आणि घुसळलेल्या ऑईलबरोबर तळाचा गाळही बाहेर येतो.

ते पूर्ण काढाल तेव्हा पांढऱ्या पातेल्यात किंवा कापलेल्या पांढऱ्या कॅनमध्ये काढा, काळ्या बादलीत नको. आणि जुन्या स्पीकरचं चुंबक त्यात फिरवा. चुंबकाला काजळासारखी मऊ राखाडी पेस्ट चिकटली, तर काळजी नको, इतक्या वर्षांच्या मशीनची ती झीज आहे. बोटात धरल्यावर टोचणारे कण असतील, तर पुढच्या कामाची तयारी ठेवा. एखाद्या दाताचा तुकडाच निघाला, तर तो धुऊन, फडक्यात गुंडाळून ठेवा. मिस्त्रीला नुसतं “दात तुटलाय” सांगण्यापेक्षा तुकडा हातात दिला की कुठल्या गियरचा ते तो ओळखतो.

नवीन ऑईल घालताना दुकानदार म्हणेल, जाड घ्या, आवाज दबतो. आवाज दबतो हे खरं, पण थंडीच्या दिवसांत लिफ्टचा पंप ते ओढत नाही. पुस्तकात लिहिलेलंच घ्या.

आता क्लच सोडवण्याकडे. आधी सोपं करून बघा. इंजिन तासभर चालवून चांगलं तापू द्या, मग बंद करा, पेडल तळाला दाबा आणि सीटच्या कडेपासून पेडलपर्यंत बसेल असा लाकडाचा तुकडा अडकवून रात्रभर तसंच ठेवा. काही प्लेटा यानेच सुटतात. सकाळी पुन्हा इंजिन चालू करून, लाकूड तसंच ठेवून, ॲक्सिलरेटर कमी-जास्त करा. मग गियर टाकून बघा. पडला तर तुमचं नशीब चांगलं.

नाही सुटली तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचं. मोकळं, सपाट, कोरडं रान हवं, रस्ता नको. तुमच्या ट्रॅक्टरचं इंजिन बंद, स्टॉपचं बटण पूर्ण ओढलेलं म्हणजे डिझेल जाणार नाही. हाय रेंज, तिसरा गियर. सीटवर चालवता येणारं माणूस, पेडल तळाला दाबलेलं. पुढचा ट्रॅक्टर अगदी हळू, धक्का न देता ओढील. चाकं फिरतात, चिकटलेला क्लच इंजिनाला फिरवतो, इंजिनाचं कॉम्प्रेशन आडवं येतं, आणि या ओढाताणीत गंजाचा थर फुटतो. सुटला की सीटवरच्या माणसाला ते लगेच जाणवतं: इंजिन फिरायचं थांबतं आणि ट्रॅक्टर एकदम हलका होतो. दोन ट्रॅक्टरांच्या मधे, साखळीच्या जवळ, कोणीही उभं राहायचं नाही. पोरं तर रानातच नकोत.

एक पद्धत गावोगाव सांगितली जाते, ती मुद्दाम सांगून मुद्दाम नको म्हणतो: गियरमध्येच स्टार्टर मारायचा. तुमच्या मॉडेलमध्ये हाय-लोचा लिव्हर मधल्या स्टार्टच्या जागी असल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून एक छोटी स्विच असते. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांवर ती कोणीतरी तार जोडून कधीच निकामी केलेली असते. तुमची चालू आहे का, ते बघून घ्या. नसेल तर गियर बॉक्सच्या आधी ती दुरुस्त करा. चिकटलेला क्लच आणि गियरमध्ये लागलेलं इंजिन म्हणजे ट्रॅक्टर तुमचं पेडल ऐकणार नाही आणि शेडाची भिंत समोर असेल.

आणि प्लेटवर डिझेल, रॉकेल, गंज सोडवायचा स्प्रे, काहीही मारायचं नाही. सुटेल, पण मग आयुष्यभर घसरेल. क्लच हाउसिंगच्या तळाला एक बारीक भोक असतं, त्यात एक कॉटर पिन नुसती लोंबकळत ठेवलेली असते. चिखलाने भोक बुजू नये म्हणून ती इंजिनाच्या थरथरीने हलत राहते. खाली वाकून तिचं टोक बघा. कोरडं असेल तर उत्तम. काळा पातळ थेंब असेल तर इंजिनाचं मागचं ऑईल सील गळतंय. पिवळसर किंवा तोच चहाचा रंग असेल तर गियर बॉक्सचं पुढचं सील. पिनच नसेल आणि भोक चिखलाने गच्च असेल, तर ते खिळ्याने मोकळं करा आणि आतून काय पडतं ते बघा. क्लचच्या डब्यात ऑईल साचलं असेल, तर प्लेट सुटली तरी भिजलेलीच आहे आणि ट्रॅक्टर मधून सोडवावा, म्हणजे इंजिन आणि गियर बॉक्स वेगळे करावे, लागणारच.

क्लच सुटला असं धरून पुढे जातो. रानात सावकाश फिरवा. आता हाय-लो. घट्ट लिव्हर म्हणजे आत काहीतरी मोडलंय असं नसतं, बाहेरच्या खुंटीत गंज धरतो. तिथे ऑईल सोडा, दोन दिवस जाऊ द्या. मग इंजिन बंद ठेवून, एकाने ट्रॅक्टर चाकाने पुढे-मागे किंचित हलवायचा आणि दुसऱ्याने लिव्हर टाकायचा, दात समोरासमोर आले की तो बसतो. हातोडी मारू नका. या गियर बॉक्सची मुळातली रचना तीन पुढच्या आणि एका मागच्या गियरची, आणि त्याच्या पाठीमागे प्लॅनेटरीचा, म्हणजे मधल्या गियरभोवती फिरणाऱ्या छोट्या गियरांचा, एक संच. हायमध्ये गती जशीच्या तशी पुढे जाते, लोमध्ये प्लॅनेटरीतून जाऊन चौथा हिस्सा होते आणि जोर त्या मानाने वाढतो. म्हणून तीन दुणे सहा. रानात हायचे तिन्ही गियर ओढतात आणि लोचा एकही ओढत नाही असं झालं, तर प्लॅनेटरी किंवा तिची सरकती कपलिंग. दोन्ही रेंजमध्ये फक्त एकच गियर त्रास देतो, तर तो गियर आणि त्याचा फोर्क. हे कागदावर लिहून मिस्त्रीकडे न्या.

दुसऱ्या गियरचं रबर. ताई, हे वाचून मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं, कारण असं रबर आमच्या तीर्थरूपांनीही बांधलं होतं. गियर जागेवर धरून ठेवायला शिफ्टरच्या दांड्यावर खाच असते आणि त्या खाचेत स्प्रिंगच्या दाबाने एक गोटी बसते. स्प्रिंग थकली की भार सुटताना, उतारावर किंवा नांगर वर घेताना गियर आपसूक न्यूट्रलमध्ये येतो. मग माणूस लिव्हर हाताने धरतो, मग रबर बांधतो. रबराने गियर टिकतो, पण फोर्क दिवसभर फिरत्या गियरच्या खोबणीवर दाबलेला राहतो आणि दोघेही झिजत जातात. स्प्रिंगचं काम फोर्कवर गेलं आणि फोर्कचं गियरवर.

हे बघायला ट्रॅक्टर मधून सोडवायची गरज नाही, लिव्हर बसवलेलं वरचं झाकण काढलं तरी बरंच दिसतं. पण ते काढायच्या आधी अर्धा दिवस नुसता धुण्यात घालवा. त्या झाकणाभोवती इतक्या वर्षांची माती, कडबा, ग्रीस आणि कोंबड्यांची कृपा असते, आणि झाकण उचललं की ती सगळी आत पडते. बोल्ट काढाल तसे पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्याच जागी खोचून ठेवा. झाकण काढल्यावर उघड्या तोंडावर स्वच्छ कापड टाका आणि कापडाचं एक टोक बाहेर बांधा, म्हणजे ते आत विसरलं जाणार नाही. आत बघायचं ते हे: लिव्हरचं टोक झिजून बोरासारखं गोल झालंय का, फोर्कच्या ओठांना एका बाजूनेच चकाकी आलीय का, आणि दुसऱ्या गियरच्या दातांची कड बॅटरीच्या उजेडात सरळ दिसते का, की पेन्सिलीच्या टोकासारखी निमुळती. पहिली दोन असतील तर बदलणं सोपं. दात निमुळते झाले असतील तर नवी स्प्रिंग घालूनही गियर सुटत राहील, तो गियर बदलावाच लागेल. स्प्रिंग काढताना वर तळहात धरा. गोटी उडते आणि शेणात पडली तर संध्याकाळ त्यातच जाते.

याच जागी आणखी एक घोळ होतो, तुमचा झालेला नाही पण होऊ शकतो. झिजलेला लिव्हर घाईत ओढला की तो एका फोर्कमधून निसटून दुसऱ्यात जातो आणि दोन गियर एकदम पडतात. मग लिव्हर न्यूट्रलमध्ये हलतोय असं वाटतं, पण क्लच सोडला की इंजिन गचका खाऊन बंद पडतं. लोक हे बघून गियर बॉक्स जाम झाला म्हणतात. इंजिन बंद करून, झाकण काढून, टॉमीने (लोखंडी दांड्याने) फोर्क सरकवून त्यांच्या खाचा एका ओळीत आणल्या की काम झालं.

शेवटी, क्लच सुटलाच नाही किंवा प्लेट भिजलेली निघाली तर ट्रॅक्टर मधून सोडवावाच लागेल. ते तुम्ही करू नका, मिस्त्रीलाच द्या, पण समोर उभ्या राहा. दोन गोष्टी बघा. सोडवण्याआधी पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडाच्या पाचरी ठोकतो का? ॲक्सल मधल्या एका पिनेवर डुलतो, पाचरी नसतील तर सुटलेलं इंजिन कुशीवर कलंडतं. आणि परत जोडताना दोन हाउसिंगमध्ये फट राहिली तर काय करतो? शाफ्टच्या खाचा प्लेटच्या खाचांत बसल्या नसतील तर फट राहते. चांगला माणूस थांबतो, फ्लायव्हील जरा फिरवतो, पुन्हा ढकलतो. वाईट माणूस बोल्ट आवळून फट मिटवतो आणि नवी प्लेट वाकवतो, कधी हाउसिंगचा कानच मोडतो. त्याने पाना बोल्टला लावला की “थांबा” म्हणा, हक्काने म्हणा. एकदा खोललंच आहे तर क्लच प्लेटबरोबर रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधली छोटी बेअरिंग आणि दोन्ही ऑईल सीलं त्याच वेळी बदलून घ्या. सील स्वस्त असतं, मजुरी महाग.

सुट्या भागांची चिंता करू नका. हा ट्रॅक्टर मुळात इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात बनणाऱ्या मॅसी फर्ग्युसन ३५ चा वंशज. १९६० साली मद्रासमध्ये हा ट्रॅक्टर बनवणारी टॅफे कंपनी स्थापन झाली, आणि हे घराणं आपल्याकडे इतकी वर्षं विकलं गेलं की तालुक्याच्या ठिकाणी त्याचे फोर्क, प्लेटा, सीलं सहज मिळतात. फक्त जुना भाग सोबत न्या आणि काउंटरवर नवा त्याच्याशेजारी ठेवून खाचा मोजा. “चालतंय हो, सेमच आहे” यावर विश्वास ठेवू नका.

भाऊजींना काय सांगायचं, तर आत्ता काही सांगू नका. क्लच ओढून सुटला, तर ऑईल, एक रबर, काही पिना आणि एखादी स्प्रिंग एवढ्यात भागेल. मधून सोडवावा लागला तरी साडेपाच एकराला पुरेल असा ट्रॅक्टर त्या खर्चात दुसरीकडे मिळणार नाही. प्लॅनेटरी, दुसरा गियर आणि क्राउन पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गियर) तिन्ही गेलेले निघाले, तरच विकायचा विचार करा. तेव्हाही भंगारवाल्याला नको, एखाद्या मिस्त्रीला द्या. हे इंजिन चौथ्या खेपेला लागलंय, त्याला गिऱ्हाईक आहे.

सासऱ्यांना खुर्चीवर शेडाच्या दाराशी बसवा. पेडल किती दाबायचं हे विचाराल तेव्हा ते हाताने दाखवतील, आणि ते माझ्यापेक्षा बरोबर असेल. जॅक लावून बघितलं की मला दोन ओळी लिहून कळवा: तिसऱ्या हायला, पेडल दाबून, चाक फिरलं की नाही. बाकीचं मग बोलू.